पक्षांतर्गत निवडणुकीत भीतीचा प्रचार नेमका कसा चालतो? (अमेरिकी प्रायमरी)

अभ्यासू_बोका

२००८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतली हिलरी क्लिंटन यांची 'पहाटे तीनचा फोन' ही जाहिरात इथल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. सार्वत्रिक निवडणुकीत भीती घालणं कळतं. 'ते आले तर बघा काय होईल' एवढं म्हटलं की अर्धं काम झालं. प्रायमरीत मात्र समोरचा आपल्याच पक्षाचा, धोरणं जवळपास तीच, देणगीदारही पुष्कळदा तेच, आणि नोव्हेंबरात एकाच मांडवात बसायचं. मग तिथे भीती घालतात ती कशाची?

विचारायचं आहे ते असं: अशी जाहिरात बांधतात कशी, तिने मतं खरोखर फिरतात का, आणि अंगाशी येते ती कुठल्या चुकीमुळे? नावं, तारखा, आकडे असतील तर उत्तम. 'सगळे राजकारणी सारखेच' छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर टाका, तिथे भरपूर जागा आहे.

---

न्यूजर्सीकर

त्या जाहिरातीपासूनच सुरू करू. ती २९ फेब्रुवारी २००८ ला टेक्ससमध्ये आली आणि मतदान होतं ४ मार्चला. लांबी ३० सेकंद. रात्रीच्या वेळी बाहेरून दिसणारं घर, मग अंधारात झोपलेली मुलं, आणि मागे वाजत राहिलेला फोन. निवेदक सांगतो की पहाटेचे तीन वाजलेत, तुमची मुलं निर्धास्त झोपली आहेत, पण व्हाइट हाउसमधला फोन वाजतोय, जगात काहीतरी घडलंय. तो फोन कोण उचलणार हे तुमच्या मतावर ठरेल. एक आई दारातून डोकावते. शेवटी चष्मा लावलेल्या क्लिंटन फोन उचलतात.

आता तिच्यात काय नाही ते बघा. ओबामांचं नाव नाही, चेहरा नाही. इराक नाही, अल कायदा नाही. नुसतं 'काहीतरी'. धोक्याचं नाव घेतलं की बघणारा वाद घालायला लागतो, 'असं काही होणार नाही' म्हणतो. नाव न घेतल्यास ती जागा तो स्वतःच्या काळजीने भरतो. ओबामा सिनेटमध्ये आले जानेवारी २००५ मध्ये, म्हणजे 'हा माणूस फार नवखा आहे' ही शंका लोकांच्या मनात आधीच होती. प्रायमरीत चालते ती अशीच उसनी भीती. पक्षाचा मतदार दोन्ही उमेदवारांना बऱ्यापैकी ओळखतो, त्यामुळे कोरी करकरीत भीती त्याच्या गळी उतरत नाही.

नाव गाळण्यामागे कायदाही आहे. २००२ च्या मकेन-फाइनगोल्ड कायद्यापासून उमेदवाराला स्वतःच्या तोंडाने 'या संदेशाला माझी मान्यता आहे' असं सांगावं लागतं, शिवाय लेखी ओळ निदान चार सेकंद पडद्यावर ठेवावी लागते. दुसऱ्याच्या नावाने शिमगा केला आणि लगेच आपलाच हसरा चेहरा दाखवला तर ते बरं दिसत नाही. म्हणून उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीत भीती मोघम असते आणि स्वतःचं कौतुक ठसठशीत. नावानिशी घाव घालायचा असेल तर तो बाहेरच्या गटांकडून घातला जातो.

कल्पना नवी नव्हतीच. मार्च १९८४ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीतच वॉल्टर माँडेल यांनी गॅरी हार्ट यांच्याविरुद्ध लाल फोनची जाहिरात चालवली होती. लुकलुकणारा लाल फोन, आणि तो उचलणारा हात डळमळीत, अननुभवी असेल तर काय, असा सवाल. ती करणारे ऑस्टिनचे रॉय स्पेन्स २००८ मध्ये क्लिंटन यांच्या गोटात होते.

आता चुका. पहिली, पुराव्याची तयारी नव्हती. जाहिरात आली त्याच दिवशी पत्रकारांबरोबरच्या फोन-परिषदेत पत्रकार जॉन डिकरसन यांनी विचारलं की संकटात क्लिंटन यांची परराष्ट्र धोरणात कसोटी लागली असा एखादा प्रसंग सांगा. पलीकडे बराच वेळ कोणी बोललंच नाही. पुढचे दोन दिवस जाहिरातीइतकीच त्या शांततेचीही बातमी चालली. 'मी कसोटीला उतरले आहे' असा दावा करणाऱ्या जाहिरातीसोबत तारीखवार तीन प्रसंग टाइप करून प्रवक्त्याच्या हातात असायला हवेत. हे काम जाहिरात बाहेर पडण्याआधीच व्हायला हवं.

दुसरी चूक म्हणजे चौकट फारच उघडी होती. ओबामांच्या मोहिमेने त्याच दिवशी तीच सुरुवात, तोच फोन घेऊन उत्तर काढलं: फोन कोणी उचलावा? इराक युद्धाला सुरुवातीपासून विरोध करण्याची समज ज्याने दाखवली त्याने. क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये त्या युद्धाच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं, त्यामुळे घाव बरोबर बसला. प्रश्न तुमचाच ठेवून उत्तर बदलायचं, हा भीतीच्या जाहिरातीला सगळ्यात स्वस्त तोड आहे. ती खोडत बसलात तर भीती आणखी पसरते.

तिसरी गोष्ट किरकोळ, पण मजेशीर. झोपलेल्या मुलांची दृश्यं चित्रसंग्रहातून विकत घेतलेली आणि बरीच जुनी होती. त्यातली एक मुलगी तोवर सतरा वर्षांची होऊन ओबामांचा प्रचार करत होती.

---

आकडेमोड

वरच्याशी सहमत, पण 'जाहिरातीने टेक्सस जिंकून दिलं' हे जे सर्रास छापलं जातं त्यात पाणी घालायला हवं.

टेक्ससच्या मतदानात क्लिंटन यांना साधारण ५१ टक्के आणि ओबामांना ४७ टक्के मतं पडली. शेवटच्या दिवसांत मन ठरवणाऱ्यांत क्लिंटन पुढे होत्या हेही खरं. पण त्याच सुमारास नाफ्टा या अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार करारावरून ओबामांचे सल्लागार कॅनडाच्या अधिकाऱ्यांशी वेगळं काही बोलल्याची बातमी फुटली, आणि ३ मार्चला शिकागोत ओबामांचे जुने देणगीदार रेझको यांच्यावरचा खटला सुरू झाला. तीन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या असताना श्रेय एकीला द्यायचं असेल तर तुलनेला काहीतरी लागतं. त्याच दिवशी ओहायोतही मतदान झालं, तिथेही क्लिंटन जिंकल्या, तेही जवळपास नऊ टक्क्यांनी. तिथला मुख्य विषय नोकऱ्या आणि नाफ्टा हा होता.

आणि खरी गंमत पुढेच आहे. टेक्ससमध्ये दोन टप्पे होते. दिवसा मतदान, आणि केंद्रं बंद झाल्यावर सव्वासातला त्याच मतदारांनी परत येऊन कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभेत, नाव नोंदवायचं. पक्षाचा उमेदवार निवडायला अधिवेशनात जाणाऱ्या एकूण १९३ प्रतिनिधींपैकी १२६ मतदानातून आणि ६७ कॉकसमधून ठरणार होते. मतदानात क्लिंटन ६५, ओबामा ६१. कॉकसमध्ये ओबामा ३८, क्लिंटन २९. बेरीज करा: ओबामा ९९, क्लिंटन ९४. मतं जास्त क्लिंटन यांना आणि प्रतिनिधी जास्त ओबामांना.

कारण सरळ आहे. टीव्हीवरची भीती मत बदलू शकते. पण रात्री सव्वासातला पुन्हा घराबाहेर काढायला गल्लीत ओळखीचा कार्यकर्ता, हातात यादी आणि दुपारी एक आठवणीचा फोन लागतो. ते जाळं ओबामांकडे होतं. त्यातून मतदानाचे १२६ सुद्धा राज्य सिनेटच्या ३१ मतदारसंघांत वाटलेले, आणि ज्या मतदारसंघात मागच्या निवडणुकांत डेमोक्रॅटिक मतं जास्त, तिथे प्रतिनिधी जास्त. ऑस्टिन, ह्यूस्टन, डॅलसचे ओबामांकडे झुकलेले भाग यात वजनदार ठरले. प्रायमरीत भीतीची जाहिरात करणाऱ्याने आधी हा तक्ता उघडून बघावा. राज्यभर चार टक्के फिरवून हातात चारच प्रतिनिधी जास्त येत असतील, तर तोच पैसा कॉकसच्या रात्री लावणं शहाणपणाचं.

---

मनोवेध

"मतं खरोखर फिरतात का" या प्रश्नावर प्रायमरीतच केलेला एक चांगला प्रयोग आहे. राज्यशास्त्रज्ञ टेड ब्रेडर यांनी १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीदरम्यान, पावणेतीनशेहून थोड्या अधिक लोकांवर. उमेदवार खरे: स्कॉट हार्शबर्गर आणि पॅट्रिशिया मॅकगव्हर्न. बातम्यांच्या मधे जाहिरात घातलेली. मेख अशी की निवेदनाचा मजकूर तोच ठेवून फक्त संगीत आणि दृश्यं बदलली. एका गटाला ताणलेलं संगीत आणि हिंसेची करडी दृश्यं, दुसऱ्याला तोच मजकूर पण सपाट चित्रं.

निष्कर्ष थोडक्यात: उत्साहाच्या जाहिरातीने ज्याचं मत जिथे होतं तिथेच ते घट्ट झालं. भीतीच्या जाहिरातीने लोक आधीच्या पसंतीला कमी चिकटले, समोर आलेल्या माहितीकडे जास्त वळले, बातम्या शोधायची इच्छा वाढली. आणि हा परिणाम राजकारण कळणाऱ्यांवर जास्त दिसला. 'भोळे लोकच घाबरतात' हा आपला समज इथे टिकत नाही.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. पुढे असलेल्याने उत्साह दाखवावा, मागे असलेल्याने भीती. क्लिंटन ५ फेब्रुवारीनंतर लागोपाठ लढती हरत होत्या. ओबामांच्या लोकांची पकड सैल करणं ही त्यांची गरज होती. मात्र सैल झालेला मतदार तुमच्याकडेच येईल याची हमी नाही. तो माहिती शोधायला निघतो, आणि त्याला वर न्यूजर्सीकर यांनी सांगितलेली ती शांतता सापडली तर संपलं.

दुसरी चौकट किम विटे यांची, १९९२ ची. मूळची आरोग्यप्रचारासाठी, पण इथेही लागू पडते. घाबरलेला माणूस मनात चार हिशेब करतो: धोका किती मोठा, तो मला लागू आहे का, सुचवलेला उपाय चालेल का, आणि तो मला जमेल का. पहिल्या दोघांचं उत्तर 'हो' आणि पुढच्या दोघांचं 'नाही' आलं तर तो धोक्याशी लढत नाही, भीतीशी लढतो. वाहिनी बदलतो, 'सगळं खोटं आहे' म्हणतो. प्रायमरीत चौथा हिशेब अवघड असतो, कारण नियम राज्यागणिक वेगळे. पेनसिल्व्हेनियात नोंदणीकृत डेमोक्रॅटलाच डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देता येतं. २२ एप्रिल २००८ च्या मतदानासाठी नोंदणी २४ मार्चला बंद झाली. क्लिंटन यांची पर्ल हार्बर, क्युबाचा पेचप्रसंग, बिन लादेन अशी दृश्यं असलेली जाहिरात तिथे आली मतदानाच्या आदल्या दिवशी. ती बघून कोणी अपक्ष मतदार हादरला असेल तरी त्याला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. क्लिंटन यांच्या तिथल्या नऊ टक्क्यांच्या विजयाचं श्रेय त्या जाहिरातीला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या तिथे आधीपासूनच पुढे होत्या.

---

अभ्यासू_बोका

जबरदस्त माहिती, सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. बाहेरच्या गटांचं काय? आणि नोव्हेंबरात याची किंमत पक्ष मोजतो का?

---

खडूफळा

दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

बाहेरच्या गटांचं पाठ्यपुस्तकी उदाहरण डिसेंबर २००३ चं. हॉवर्ड डीन तेव्हा डेमोक्रॅटिक शर्यतीत आघाडीवर. १३ डिसेंबरला सद्दाम हुसेन पकडला गेला आणि त्याच दिवसांत न्यू हॅम्पशायर व साउथ कॅरोलायनात एक जाहिरात आली: मासिकाच्या मुखपृष्ठावरचा ओसामा बिन लादेनचा चेहरा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांकडे सरकतो, आणि मजकूर असा की डीन यांना परराष्ट्र धोरणाचा अनुभव नाही, बुश यांच्यापुढे ते टिकणार नाहीत. म्हणजे धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. प्रायमरीतली सगळ्यात खपणारी भीती 'हा देश बुडवेल' ही नसते, 'हा हरेल' ही असते.

गटाचं नाव गोंडस, नोकऱ्या-आरोग्य-प्रगती असलं काहीतरी. पैसा कोणाचा? कायद्याप्रमाणे वर्षअखेरचा अहवाल द्यायचा होता ३१ जानेवारीला. आयोवाचं कॉकस १९ जानेवारीला आणि न्यू हॅम्पशायरचं मतदान २७ जानेवारीला आटोपलेलं. देणगीदारांत डीन यांचे प्रतिस्पर्धी गेपहार्ट आणि केरी यांच्याशी जवळीक असलेले लोक निघाले, पण तोवर कोण बघतंय! तारखांचा हा खेळ आजही चालतो. नवा गट मतदानाच्या तोंडावर जन्माला आला तर पहिला अहवाल कधी देय आहे ते आधी बघा. त्या गटाचे प्रवक्ते होते रॉबर्ट गिब्ज, तेच पुढे ओबामांचे प्रसिद्धी सचिव झाले. वर्तुळ छोटं असतं.

यात एक तांत्रिक फरक कामाचा आहे. उमेदवाराची स्वतःची जाहिरात टीव्ही केंद्राला कापता वा बदलता येत नाही, मजकूर खोटा असला तरी. बाहेरच्या गटाची जाहिरात मात्र केंद्र नाकारू शकतं, आणि बदनामीची जबाबदारीही केंद्रावर येऊ शकते. म्हणून अशा जाहिरातीला पहिलं उत्तर पत्रकार परिषद नसून वकिलाचं पत्र असतं: केंद्राच्या व्यवस्थापकाला, कोणतं वाक्य खोटं आणि त्याचा कागद सोबत. 'जाहिरात अन्यायकारक आहे' असं मोघम पत्र थेट कचऱ्यात जातं.

आता उलटणं. आयोवात डीन आणि गेपहार्ट दोघांनी एकमेकांवर टीव्हीवरून राळ उडवली. निकाल: केरी सुमारे ३८ टक्के, एडवर्ड्स ३२, डीन १८, गेपहार्ट ११. गेपहार्ट दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, अगदी शब्दशः. दुरंगी लढतीत प्रतिस्पर्ध्याचं सुटलेलं मत बहुधा तुमच्याकडे येतं. चौरंगी लढतीत घाबरवणाऱ्याचंही नाव खराब होतं आणि मत शांत बसलेल्याकडे जातं. भीतीची जाहिरात विकायला आलेल्या सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारायचा: मैदानात किती जण आहेत?

नोव्हेंबरची किंमत: एप्रिल १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक वादसभेत अल गोर यांनी पुढे पक्षाचे उमेदवार ठरलेल्या मायकल डुकाकिस यांना मॅसॅच्युसेट्सच्या कैद्यांच्या सुट्टीच्या योजनेवरून छेडलं. त्यांनी कोणा कैद्याचं नाव घेतलं नव्हतं. पण तो संवाद वाचून थोरल्या बुश यांच्या संशोधकांनी धागा पकडला, आणि शरद ऋतूपर्यंत अशा सुट्टीवर असताना गुन्हा केलेल्या विली हॉर्टन या कैद्याचं नाव देशभर झालं. २००८ मध्येही ऑगस्टात रिपब्लिकन उमेदवार मकेन यांनी पहाटे तीनचा फोन आणि क्लिंटन यांचेच शब्द ओबामांविरुद्ध वापरले. फरक इतकाच की तोवर अर्थव्यवस्था हा विषय वर येत होता, आणि सप्टेंबरात बँका कोसळल्यावर तीनच्या फोनकडे कोणी पाहिलं नाही. म्हणजे आयतं कोलीत मिळालं तरी ते पेटेलच असं नाही.

---

न्यूजर्सीकर

+१. एक भर. ११ मार्च २००८ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ ऑरलँडो पॅटरसन यांनी त्या फोनच्या जाहिरातीत वर्णाचा छुपा सूर आहे असं लिहिलं होतं. पटो न पटो, पण धोका मोघम ठेवला की प्रेक्षक रिकामी जागा कशाने भरतील यावर जाहिरातवाल्याचा ताबा राहत नाही. मोघमपणाची ही दुसरी बाजू.

---

रानवाटा

सगळे टीव्हीवरच अडकलात. प्रायमरीतली खरी घाण फोनवर होते, कारण तिथे सही नसते.

फेब्रुवारी २००० मध्ये साउथ कॅरोलायनात काय झालं ते आठवा. १ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरच्या रिपब्लिकन प्रायमरीत मकेन यांनी धाकट्या बुश यांना सुमारे १८ टक्क्यांनी हरवलं. पुढची मोठी लढत १९ फेब्रुवारीला. मधल्या अठरा दिवसांत निनावी फोन, पत्रकं आणि ईमेल फिरले. त्यात सगळ्यात विखारी कुजबूज ही की मकेन यांना अनौरस कृष्णवर्णीय मूल आहे. वस्तुस्थिती अशी की मकेन दांपत्याने बांगलादेशातल्या अनाथाश्रमातून मुलगी दत्तक घेतली होती, आणि ती प्रचारात त्यांच्याबरोबर दिसायची. बुश ५३, मकेन ४२. बुश यांच्या मोहिमेने या कुजबुजीशी संबंध नाकारला, आणि कर्ता करविता कोण हे कागदावर कधीच सिद्ध झालं नाही. या प्रकाराचा हेतूच तो असतो.

असा फोन ओळखायचा कसा:

खरा जनमत कौल पाचशे ते हजार लोकांना विचारतो, दहा-पंधरा मिनिटं घेतो, सुरुवातीला संस्थेचं नाव सांगतो आणि शेवटी वय, शिक्षण वगैरे विचारतो. ढकलफोन, म्हणजे कौलाच्या नावाखाली अपप्रचार करणारा फोन, हजारोंना जातो, मिनिटभरात संपतो, 'समजा तुम्हाला कळलं की अमुक उमेदवाराने तमुक केलं, तर?' असा एकच प्रश्न असतो, आणि उत्तर कोणी नोंदवत नाही. वय विचारलं नाही म्हणजे विश्लेषण करायचंच नाही. हा सगळ्यात पक्का सुगावा.

पण सावधान, मधे तिसरा प्रकार आहे. मोहिमा कुठला आरोप चालतो हे तपासायला छोट्या नमुन्यावर तसेच बोचरे प्रश्न विचारतात. ती खरी पाहणी असते. वय विचारतात, वेळ घेतात. तिला ढकलफोन म्हणून बोंब मारली आणि समोरच्याने प्रश्नावली जाहीर केली की तक्रार करणाराच तोंडघशी पडतो. तक्रारीआधी वेळ, नंबर, नेमकं वाक्य आणि आणखी पाच-सहा जणांना तेच वाक्य ऐकू आलं का, एवढं जमवा.

यंत्राने बनवलेल्या आवाजाने काम आणखी स्वस्त झालंय. २१ जानेवारी २०२४ ला न्यू हॅम्पशायरमध्ये बायडन यांच्या नकली आवाजात फोन गेले की मंगळवारी मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. 'तुमचं मत वाया जाईल' हीसुद्धा भीतीच. ८ फेब्रुवारीला अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने असे आवाज स्वयंचलित फोनच्या बंदीत बसतात असं जाहीर केलं, आणि पुढे फोन करवणाऱ्या सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला. तो एका प्रतिस्पर्धी उमेदवाराचं काम करून आलेला होता. त्या उमेदवाराच्या मोहिमेने हात झटकले.

---

वऱ्हाडी_ठेचा

आपल्याकडे याची गरजच पडत नाही हो, तिकीट दिल्लीहून येतं! २०१४ ला काँग्रेसने काही मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेऊन पाहिली, त्यात आपले लातूर आणि वर्धा होते. पण मतदार म्हणजे पक्षाचे पदाधिकारी. एवढ्याशा यादीला टीव्हीवरून घाबरवायची काय गरज, प्रत्येकाला फोन करून 'हा उभा राहिला तर आपली सीट गेली' म्हटलं की झालं. भीती तीच, खर्च शून्य.

---

आकडेमोड

वऱ्हाडी, मुद्दा बरोबर आहे. मतदार जितके कमी तितकी भीती तोंडी, आणि तितका तिचा माग कमी.

धागाकर्त्याला माग काढायचाच असेल तर सध्याच्या निवडणुकांसाठी एक चांगली जागा आहे. अमेरिकेतल्या प्रत्येक टीव्ही केंद्राला राजकीय जाहिरातींची फाइल ठेवावी लागते आणि ती संदेशवहन आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. केंद्राचं नाव टाका, वर्ष निवडा, मग उमेदवार किंवा गट. कोणी, कोणत्या तारखांना, कुठल्या कार्यक्रमात, किती दराने वेळ घेतला ते दिसतं. प्रायमरीआधीच्या ४५ दिवसांत उमेदवाराला सगळ्यात कमी दर मिळतो, बाहेरच्या गटाला नाही. त्यामुळे त्याच ३० सेकंदांना गट जास्त पैसे मोजताना दिसेल. फाइलमध्ये करार आणि बिल असे दोन वेगळे कागद असतात. करार बघून आकडे लिहू नका, कारण ऐनवेळी वेळा बदलतात, रद्दही होतात. प्रत्यक्ष काय दाखवलं गेलं ते बिलात मिनिटासकट असतं, आणि ते बरेचदा मतदान होऊन गेल्यावर चढवलं जातं.